सागवानी पाटीवरचा नऊ

ती सकाळ अजून डोळ्यांपुढून हलत नाही. कडाक्याची थंडी होती. तलावाकडून आलेलं धुकं गवतावर पसरलेलं, आणि त्या धुक्यात एक म्हातारा माणूस काठी खांद्यावर उचलून नुसता उभा. त्याचे पाय दिसत नव्हते, चेंडू तर नाहीच. मग काठी खाली आली, टक् असा कोरडा आवाज झाला आणि म्हातारा समोर बघत राहिला. चेंडू कुठे गेला, कुणास ठाऊक! पोलिसात छत्तीस वर्षं काढली, खून पाहिले, दरोडे पाहिले. पण दुपारी जरा डोळा लागला की मला दिसतं ते हे मैदान. निवृत्तीनंतर तर इतक्या वेळा दिसतं, की हे खरंच घडलं होतं ना, असं बायकोला विचारून खात्री करून घ्यावी लागते. ती म्हणते, "घडलं हो! तुमच्या बुटांचा चिखल मीच धुतलाय तेव्हा."

मी भोपाळचाच. राजधानी इथे आली तेव्हा वडील नागपूरहून कचेरीच्या कपाटांबरोबर इकडे आले, आणि माझं लहानपण तुलसी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये गेलं. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर हिंदी. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत शहराच्या कडेचं एक ठाणं माझ्याकडे होतं. हद्दीत दोन वस्त्या, एक भाजीबाजार आणि एक गोल्फ क्लब. क्लबातून कधी कुणी तक्रार घेऊन येत नसे. गोल्फ म्हणजे मोठ्या लोकांनी छोट्या चेंडूमागे मैलभर चालायचं, एवढंच माझं ज्ञान.

एका बुधवारी क्लबचे सचिव टाईप केलेला अर्ज घेऊन आले. गेल्या तीन महिन्यांत खेळाडूंची अकरा स्कोअर कार्डं गहाळ झाली आहेत, आणि हँडिकॅपचं काम पाहणाऱ्या लिपिकावर संशय आहे, असं त्यात लिहिलं होतं. रविवारी क्लबच्या वार्षिक चषकाची स्पर्धा. त्याच संध्याकाळी समिती बसून लिपिकाला काढून टाकणार. त्याआधी गुन्हा नोंदवावा, ही विनंती.

माझे हवालदार अर्ज वाचून माझ्याकडे बघायला लागले. अस्सल भोपाळी माणूस, तोंडात कायम सुपारी. "साहब, चोरी क्या हुआ? कागज़?"

सचिवांचा चेहरा लाल झाला. "वो कागज़ नहीं है. खिलाड़ी का ईमान है."

मी म्हटलं, आधी प्राथमिक चौकशी करू, मग बघू. रोजनाम्यात नोंद केली. सचिव गेले आणि तासाभरात फोन वाजला. नाव सांगायला तयार नसलेला एक आवाज: "ठेकेदार का खेल देखिए और उसका हँडिकॅप देखिए. फिर बाबू से पूछिए, अच्छे वाले कार्ड कहाँ गए." एवढं बोलून फोन ठेवला. ठेकेदार म्हणजे क्लबातलाच एक खेळाडू, आणि बाबू म्हणजे हा लिपिक. निनावी फोन करणाऱ्याला न्याय क्वचितच हवा असतो, बहुतेकदा कुणाचा तरी राग काढायचा असतो. पण खबर ती खबर.

गुरुवारी सकाळी लिपिकाला ठाण्यात बोलावलं. साठीला टेकलेला, किडकिडीत मराठी माणूस. मूळचा अमरावतीकडचा. आधी गोविंदपुऱ्यातल्या एका कारखान्यात तंत्रज्ञ होता. तो कारखाना बंद पडल्यावर क्लबात लागला, त्याला चौदा वर्षं झालेली. बूट जुने, पण चकचकीत पॉलिश केलेले. मी माणसाचे पाय आधी बघतो. बूट इतके जपणारा माणूस कामातही नीटनेटका असतो, आणि नीटनेटक्या माणसाने गफलत केलीच तर ती सापडायला फार जड जाते.

"हे हँडिकॅप काय प्रकरण आहे, ते आधी मला समजावा," मी म्हटलं.

हवालदारांच्या टेबलावर भाजलेल्या शेंगांचा पुडा होता. लिपिकाने विचारलं, "घेऊ का जी?" आणि शेंगा टेबलावर काढल्या. बोलायला लागल्यावर त्याचा आवाजच बदलला. आरोप, ठाणं, सगळं विसरला बिचारा.

"असं समजा साहेब, आपल्या मैदानाला बहात्तर फटके पुरेत. तुम्ही एक्क्याऐंशीत संपवता, मी नव्वदात. असं असलं तर मी तुमच्याशी जन्मात जिंकू शकत नाही आणि तुम्हालाही माझ्याशी खेळायची मजा येणार नाही. म्हणून तुमच्या खात्यातून नऊ वजा, माझ्यातून अठरा वजा. दोघंही बहात्तर. आता त्या दिवशी जो जरा बरा खेळेल तो जिंकेल. हा नऊ आणि हा अठरा, हे आपले हँडिकॅप."

"आणि ते ठरवतं कोण?"

त्याने एकापुढे एक वीस शेंगा मांडल्या. "हे शेवटचे वीस डाव. मैदान सोपं का अवघड, ते आधी हिशेबात धरून सगळे एका मापाचे करून घ्यायचे. मग यातले सगळ्यात चांगले आठ उचलायचे." त्याने निवडून आठ शेंगा वर सरकवल्या. "यांची सरासरी म्हणजे तुमचा आकडा. बाकीचे बारा बाजूला."

"बारा बाजूला? का?"

"वाईट तर माणूस खेळतोच जी. तो किती वाईट खेळतो ते नाही बघायचं. चांगला असतो तेव्हा किती चांगला असतो, तेवढं बघायचं."

मी माझ्या मागच्या कपाटाकडे बघितलं. गुन्ह्यांच्या फायली छतापर्यंत रचलेल्या. त्यातल्या एकेका माणसाचा एकेक सगळ्यात वाईट दिवस आम्ही सांभाळून ठेवला होता. हे तेव्हा मनात आलं आणि गेलं. कामाच्या वेळी असले विचार परवडत नाहीत.

"नवा डाव आला की जुना जातो," त्याने उजवीकडे एक शेंग ठेवली आणि डावीकडची पहिली ढकलून दिली. हवालदारांनी ती उचलून सोलली आणि खाल्ली. "कायम वीसच राहतात."

"म्हणजे चांगली कार्डं लपवली तर आकडा फुगतो, सवलत जास्त मिळते, आणि रविवारी चषक आपला. असंच ना?"

त्याने मान डोलावली.

"मग ठेकेदाराची कार्डं कुठे आहेत?"

"त्यांची सगळी आहेत जी."

"मग गेली ती कोणाची?"

इथे तो शेंगा सारख्या करायला लागला. मग सावकाश म्हणाला, "व्हरांड्यात लाकडी पेटी आहे. खेळ झाला की खेळाडू आणि त्याच्या जोडीदाराच्या सह्या झालेलं कार्ड त्यात टाकतात. कुलपाची किल्ली माझ्याकडे. म्हणून जबाबदार मी."

"जबाबदार कोण ते मी विचारलं नाही. कार्डं कोणाची?"

"माहीत नाही जी."

खोटं बोलत होता. इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढं तरी कळतंच. मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला, शेंगा खाली सांडल्या. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. मी त्याला बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं, पार संध्याकाळपर्यंत. पाचाच्या सुमारास त्याने घरी फोन करायची परवानगी मागितली. मी कान देऊन ऐकलं. "अगं, उशीर होईल आज. कामात आहे," एवढंच बोलला. ठाण्यात आहे, हे बायकोला सांगितलं नाही. ज्याला चोर म्हणून हाकलून देणार आहेत, तो माणूस दुसऱ्याचं नाव सांगून सुटायला तयार नव्हता. का? ते मला उमजेना. मी त्याला घरी जाऊ दिलं.

शुक्रवारी आम्ही पोलिसांचं खरं काम केलं, जे कुणी कधी कौतुकाने बघत नाही. मिलान. मैदानावर कोण कधी उतरलं त्याची वही एका हातात, कॉम्प्युटरमधल्या कार्डांची यादी दुसऱ्या हातात. हवालदार नाव वाचणार, मी खूण करणार. क्लबवाल्यांनी नुसती बेरीज केली होती: खेळले इतके, कार्डं अकरा कमी. नावं जुळवून बघायचे कष्ट कोण घेणार! ठेकेदाराच्या सगळ्या खुणा बरोबर आल्या. बाबू खरं बोलला होता. चार तासांनी हवालदारांनी चष्मा काढला.

"अरे साहब, ये तो सारे के सारे एक ही आदमी के हैं!"

ते नाव एका म्हाताऱ्या खेळाडूचं होतं. पुण्याचे, सरकारी कारखान्यात मोठ्या हुद्द्यावर काम केलेले अभियंते. नोकरीसाठी भोपाळला आले आणि इथेच राहिले. पंचाहत्तरीचे. मी लिपिकाला फोन लावला आणि त्यांचा आकडा विचारला.

"नऊ," तो म्हणाला. आवाज एकदम बारीक झाला होता.

"ती अकरा कार्डं पेटीत पडली असती तर किती झाला असता?"

"साहेब, ते नका विचारू."

फोन ठेवल्यावर मी टेबलावर पुन्हा वीस शेंगा मांडल्या. हवालदार म्हणाले, साहेबांना बहुतेक भूक लागली. मी एकेक करून अकरा नव्या शेंगा उजवीकडून आत घातल्या आणि डावीकडच्या अकरा जुन्या बाहेर काढल्या, तेव्हा डोक्यात उजेड पडला. नवे डाव वाईट असतील तर ते आठांत मोजले जाणारच नाहीत. पण ते आत आले की जुने चांगले डाव बाहेर पडणार. म्हणजे कुणीतरी वाईट कार्डं गायब करत होतं, जुने चांगले दिवस विसांत टिकून राहावेत म्हणून. पण नऊवर राहून त्या म्हाताऱ्यांना काय मिळत होतं? काही नाही! मी क्लबच्या निकालांचे कागद मागवून बघितले. तीन महिन्यांत ते प्रत्येक सामना हरले होते. सवलत कमी, हात थकलेला, हरणार नाही तर काय. आम्ही सगळे जिंकणारा माणूस शोधत बसलो होतो आणि चोरी झाली होती हरणाऱ्यासाठी. चोरीत फक्त तोटाच पदरात पडतो, असा चोर मी तोवर पाहिला नव्हता.

शनिवारी उजाडता उजाडता साध्या कपड्यांत मैदानावर गेलो. सुरुवातीला सांगितलं ती सकाळ हीच. सगळं कसं अर्ध्या झोपेतल्यासारखं वाटत होतं. माणसं धुक्यातून यायची, चार शब्द बोलायची आणि पुन्हा धुक्यात विरून जायची. व्हरांड्यात चहाच्या काउंटरजवळ एक सागवानी पाटी होती. ज्यांचा हँडिकॅप एकेरी आकड्यात, फक्त त्यांचीच नावं आणि आकडे तिच्यावर. दहा झाला की नाव उतरलं, असा त्या क्लबचा रिवाज. म्हातारे आले, पाटीसमोर उभे राहिले, बोट ठेवून आपलं नाव वाचलं आणि मोठ्याने म्हणाले, "नऊ." मग समाधानाने मैदानावर गेले.

त्यांच्या पत्नी व्हरांड्यातच वेताच्या खुर्चीवर बसल्या. थर्मास, स्वेटरचं विणकाम, मांडीवर पर्स. चार तासांनी ऊन पडलं, धुकं विरलं आणि म्हातारे परत आले. सोबतच्या खेळाडूने कार्डावर सही केली आणि आपल्या आकड्याचं कौतुक सांगत निघून गेला. क्लबातला प्रत्येक माणूस स्वतःच्याच आकड्यात दंग. दुसऱ्याकडे बघतो कोण! म्हाताऱ्यांनी कार्ड पत्नीला दिलं. "टाक गं पेटीत. आज बरा झाला ना खेळ?"

"छान झाला," बाई म्हणाल्या.

त्या पेटीपाशी गेल्या. पाठ आमच्याकडे. हात वर गेला, खाली आला, आणि खट् असा पर्सच्या चापाचा आवाज झाला. भाजीबाजारात मी बरेच पाकीटमार पकडलेत. तो हात मी ओळखला. कुलूप, किल्ली, लिपिक, कशाचाही संबंध नव्हता. कार्डं पेटीत पडलीच नव्हती.

म्हातारे बूट बदलायला आत गेल्यावर मी खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसलो आणि मी कोण ते सांगितलं. बाई घाबरल्या नाहीत. त्यांनी पर्स उघडली. आतल्या कापडी पिशवीत बारा कार्डं होती. अकरा जुनी आणि एक आत्ताचं.

"फाडून टाकता आली असती हो," त्या म्हणाल्या. "पण यांच्या हाताने खेळलेली आहेत. फाडवेनात."

मग त्यांनीच सगळं सांगितलं. साकेत नगरात घर, रुग्णालय जवळच. डॉक्टरांनी सांगितलं होतं की आठवण हळूहळू जाणार. खेळून आले की किती फटके लागले ते यांना सांगता येत नाही, कुणाशी खेळलो ते आठवत नाही. "कधी कधी नातवाचं नाव विसरतात. पण नऊ विसरत नाहीत. सकाळी ती पाटी वाचली की यांचा दिवस नीट जातो. एकदा मी बाबूंना विचारलं, हा आकडा कसा काढता हो? त्यांनी बिचाऱ्यांनी वीस सुपाऱ्या मांडून समजावलं मला. नवं आलं की जुनं जातं, म्हणाले. मग मी म्हटलं, यांचं जुनं नको जायला. एवढं तरी राहू दे."

आता मला लिपिकाचं मौन कळलं. हिशेब त्यानेच शिकवला होता. कार्डं कमी का येताहेत ते त्याला कधीच कळून चुकलं होतं, आणि तो गप्प राहिला होता.

"बाई," मी म्हटलं, "ह्या कार्डांपायी उद्या त्या बाबूंना चोर ठरवून काढून टाकणार आहेत. गुरुवारी दिवसभर मी त्यांना ठाण्यात बसवून ठेवलं. त्यांनी तुमचं नाव घेतलं नाही."

त्यांच्या हातातलं विणकाम खाली पडलं. "अगं बाई! मला कुणी बोललंसुद्धा नाही!" डोळे भरून आले. आतून म्हाताऱ्यांचं गुणगुणणं ऐकू येत होतं. एका बाजूला नवऱ्याचं उरलंसुरलं सुख, दुसऱ्या बाजूला परक्या माणसाची अब्रू. मी कोण सांगणार?

मग त्या उठल्या. पेटीपाशी गेल्या आणि एकेक करून बाराही कार्डं आत टाकली. प्रत्येक कार्डाला थांबत होत्या. शेवटचं टाकल्यावर पदराने डोळे पुसले आणि म्हणाल्या, "चला, कुठे सही करायची ते दाखवा."

त्यांचा जबाब घेतला. कार्डं मिळाली, चोरी झालेली नाही, असा शेरा मारून अर्ज निकाली काढला. सचिवांना मी जरा जास्तच कडक शब्दांत समज दिली, ती त्यांना मिळायलाच हवी होती. लिपिकाने संध्याकाळी कार्डं भरली. म्हाताऱ्यांचा आकडा बारा झाला. मी त्याची माफी मागितली, हवालदारांसमोर. तो म्हणाला, "तुम्ही वाईट दिवशी भेटलात जी. तो नाही धरायचा." चषक कुणा तिसऱ्याच माणसाने नेला, ठेकेदार पाचवा आला. लिपिकाची नोकरी राहिली.

सोमवारी पाटीवरून नाव उतरलं. मला राहवेना, मी पुन्हा गेलो. बाई खुर्चीच्या कडेवर बसलेल्या. म्हातारे पाटीसमोर उभे राहिले. बोट वरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. "माझं नाव कुठाय?"

लिपिक पुढे आला. चेहरा पांढरा पडलेला. "बारा झाला जी साहेब. आता त्या पाटीवर नाही येत."

"बारा?" म्हाताऱ्यांनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग तोंडभर हसले. "अरे वा! म्हणजे तीन शॉट जास्त मिळाले की मला! आता बघतो एकेकाला!" आणि काठी घेऊन निघाले सुद्धा.

बाई आधी हसल्या आणि मग रडल्या. आम्ही सगळेच त्या आकड्याला पदक समजून बसलो होतो. ज्याला हा खेळ ठाऊक होता त्यालाच फक्त आठवत होतं, की हात थकलेल्या माणसालाही इतरांबरोबर खेळता यावं, म्हणून तो आकडा असतो.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं कुणी विचारलं तर मी वीस शेंगा मांडून दाखवतो. त्यानंतर नोकरीची जी थोडी वर्षं उरली, त्यांत मी माणसाला बाकावर बसवण्याआधी त्याचे चांगले आठ दिवस कुठे असतील ते विचारायला लागलो. दरवेळी जमलं असं नाही. चुकलोही.

अजूनही थंडीत मी कधीमधी तिकडे जातो. म्हातारे रोज पाटीसमोर उभे राहतात, रोज त्यांना आपलं नाव सापडत नाही, आणि रोज ते लिपिकाला विचारतात. "बारा, साहेब," तो रोज सांगतो; खरं तर आकडा आता चौदाच्याही पुढे गेला आहे. "अरे वा! म्हणजे तीन शॉट मिळाले की!" दरवेळी तोच आनंद, पहिल्यांदाच कळल्यासारखा. मग ते धुक्यात जातात. चार तासांनी येतात, कार्ड पत्नीच्या हातात देतात आणि विचारतात, "आज बरा झाला ना खेळ?"

"छान झाला," बाई म्हणतात, आणि कार्ड पेटीत टाकतात. पर्सचा आवाज येत नाही.